साडेचार फुटांचा दरवाजा

सुरवाडे सिस्टरांनी माझ्या हातात दोनशे पानी वही ठेवली आणि म्हणाल्या, "नाना, पारावर बसून जे सांगता ना, ते लिहून द्या." मी म्हटलं, बाई, मी तिसरी नापास. गवंडी माणूस मी, थापी धरणारा हात, पेन धरलं की मोडतं. तर म्हणाल्या, "मोडलं तर दुसरं देते." ही बाई रिटायर होऊन देवपूरला राहते, पण अजून वॉर्डात असल्यासारखे हुकूम सोडते. मी बिचारा अमळनेरहून एसटीनं गुडघे दाखवायला गेलो होतो. गोळ्या मिळाल्या, वर ही वही. शुद्धलेखन तपासणाऱ्यांनी इथंच थांबावं.

लोक विचारतात, एवढे किस्से आले कुठून? अरे, साइटवर अध्धे कुठून येतात? अर्धी वीट कोणी मागवत नाही. सगळे अख्ख्याच मागवतात. तरी काम संपलं की कोपऱ्यात अध्ध्यांचा ढीग असतोच. तसंच हे.

हा ढीग एका सरकारी दवाखान्याचा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. सालं ऐंशीच्या पुढची. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक भांडखोर आहेत, असं का लिहिलं म्हणून एसटी धरून इथपर्यंत येतील.

आणि एक आधीच सांगून टाकतो. त्या दवाखान्यात मी एक दरवाजा बांधला. त्या दरवाज्यापायी सरकारी वहीत माझ्या नावाला एक शब्द चिकटला. तो शब्द अजून तिथंच आहे. सिस्टरांना वाटतं मी दवाखान्याची आठवण लिहितोय. लिहितो. पण माझा डोळा त्या शब्दावर आहे!

*

त्याआधी मी तीन दवाखाने बांधले होते. पद्धत अशी, की बांधकाम खात्यानं नकाशा आणायचा, आम्ही बांधायचं, कुलूप लावून चावी द्यायची. मग कधीतरी डॉक्टर यायचा आणि कपाळाला हात लावायचा. एका ठिकाणी तर बाळंतपणाच्या खोलीची खिडकी सरळ एसटी स्टँडकडं! मी तेव्हाच्या ओव्हरसियरला म्हटलं, साहेब, ही पलीकडं घेऊ. तर म्हणे, "नकाशात इकडं आहे." पुढं कित्येक वर्षं त्या खिडकीला खताचं पोतं टांगलेलं मी येताजाता बघितलं.

या वेळी मात्र उलटं झालं. डॉक्टर आधी आला, विटा नंतर. महाजन डॉक्टर. मिसरूड फुटल्यासारखा कोवळा, पण डोक्यानं पक्का. काम मोठं होतं. खाली एक मोठा दवाखाना, वरच्या पाड्यांवर सहा उपकेंद्रं, नर्सबाईंना राहायची घरं, सगळं एकाच गुंडाळीत. डॉक्टर म्हणाला, "एकही वीट लावायच्या आधी सगळे एकत्र बसायचं."

सगळे म्हणजे कोण? डॉक्टर, सुरवाडे सिस्टर, खात्याचे सोनवणे इंजिनिअर, गावचे ग्रामसेवक, वरच्या पाड्यावरची सुईण गुजाबाई, आणि मी.

मी सवयीनं खाली बसायला लागलो तर डॉक्टरानं खुर्ची ओढली. तीस वर्षं मी साहेब लोकांच्या खुर्च्या ठेवायला ओटे बांधले, खुर्चीवर बस असं कोणी म्हटलं नव्हतं! गुजाबाईनं खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि खुर्चीवर मांडी घालून बसली. म्हातारी होती, पण हलली नाही.

डॉक्टरानं नकाशा पसरला. "नाना, तुम्हाला यात काय खटकतं?"

सोनवणे साहेब हसले. तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागलेले, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "मिस्तरींना नकाशा वाचता येतो का?"

मी म्हटलं, "अक्षर पटकन नाही येत. भिंत येते."

बोट फिरवत गेलो. बेसिन, बेसिन, मोरी, संडास, बेसिन. सगळे नळ मोजले. मग नकाशाच्या चारी कडांवर बोट फिरवलं. मग म्हटलं, "साहेब, विहीर कुठं आहे?"

सगळे वाकले. सोनवणे साहेबांनी नकाशा उलटा करूनसुद्धा बघितला.

नळ बारा होते. पाणी नव्हतं!

*

त्या दिवसापासून डॉक्टरानं कागदावरचा विश्वास सोडला. म्हणाला, "हा दवाखाना आपण आधी जमिनीवर काढू. पूर्ण मापात. आणि लोकांना त्यात चालवून बघू."

मला वाटलं, पोरगं शिकून बिघडलं. पण दोन गोण्या फक्की आणली. फक्की म्हणजे चुन्याची पूड, पाया आखायला लागते. दोरी धरली, काटकोनाला गुण्या लावला, आणि माळावर अख्खा दवाखाना आखला. व्हरांडा, तपासणीची खोली, औषधांची खिडकी, बाळंतपणाची खोली, वॉर्ड. दरवाजा असेल तिथं रेघ तोडायची. एवढंच. चार बोटं रुंदीच्या पांढऱ्या रेघा, दुसरं काही नाही.

गाव बघायला आलं. आणि मग जे झालं ते मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पहिली बाई आली, ती चुन्याच्या दरवाज्यापाशी थांबली, तिनं चपला काढल्या आणि आत गेली! तिच्यामागून सगळ्यांनी काढल्या. उघडा माळ, वर आभाळ, चारी बाजूंनी वारा, आणि दारात चपलांची रांग. एकानंही रेघ ओलांडली नाही. पलीकडच्या खोलीत जायचं तर माणसं रेघेला वळसा घालून व्हरांड्यातून जात होती.

गावात एक तोताराम आबा होते. ते व्हरांड्याच्या जागी येऊन बसले. तासभर बसले. डॉक्टर विचारतो, "आबा, काय हवंय?"

"नंबर लागायचा आहे."

"अहो आबा, दवाखाना अजून बांधला नाही."

"ते दिसतंय मला, डोळे आहेत. पण खोकला आहे तो खराच आहे ना?"

 डॉक्टरानं आबांना चुन्याच्या दरवाज्यातून तपासणीच्या खोलीत नेलं, दगडावर बसवलं, छातीला नळी लावली. मग सिस्टरांनी औषधांच्या खिडकीतून, म्हणजे हवेतून, गोळ्या दिल्या. आबा बाहेर आले, चपला घातल्या आणि आम्हाला म्हणाले, "दवाखाना चांगला आहे. उजेड भरपूर आहे!"

*

आता दरवाज्याचं.

वरच्या पाड्यांवर गाडी जात नाही. पेशंट आणायचा तर बाजेवर. सुतळीची बाज, चार कोपऱ्यांना चार माणसं, आणि तसंच डोंगर उतरून खाली. डॉक्टर म्हणाला, बाजही चालवून बघू.

बाजेवर कोण झोपणार? ग्रामसेवक पुढं झाले. अंगानं भारी माणूस. उन्हात उभं राहण्यापेक्षा झोपलेलं बरं, असा हिशेब. त्यांना बाळंतीण केलं. सिस्टरांनी अंगावर चादर घातली. चार पावरा आदिवासी गडी होते, त्यांचा पुढारी रुमाल्या. त्यांनी बाज उचलली तेव्हा बाजही कण्हली आणि गडीही.

व्हरांड्यातून आले, वळले, बाळंतपणाच्या खोलीशी आले आणि थांबले. नकाशात दरवाजा तीन फूट. बाजच तीन फूट, आणि दोन्ही अंगांना माणसं वेगळी.

सोनवणे साहेब ओरडले, "अरे चला ना!"

रुमाल्या म्हणाला, "साहेब, भीत शे."

"कसली भिंत? चुना आहे तो! ओलांड!"

रुमाल्यानं रेघेकडं बघितलं. मग साहेबांकडं बघितलं. "आज चुना शे. उद्या भीत व्हई. तवय कसं जाऊत?"

सोनवणे साहेब म्हणाले, "मग बाज तिरपी करा."

"वर बाई शे ना, साहेब."

"करा म्हणतो ना!"

त्यांनी केली. ग्रामसेवक चादरीसकट घरंगळले आणि धप्पकन चुन्याच्या रेघेवर आडवे झाले. उठले तेव्हा अर्धा माणूस पांढरा. कोणी हसेना, सगळे साहेबांकडं बघत होते. तेवढ्यात गुजाबाई शांतपणे म्हणाली,

"भीत पडनी."

मग जो हशा झाला, तो सातपुड्यावर जाऊन परत आला!

हशा थांबला तरी म्हातारी थांबली नाही. तिनं पायानं दोन्हीकडची रेघ पुसली. रुमाल्याला बाज घेऊन परत बोलावलं. गडी आत गेले तसं त्यांच्या कोपरांपाशी, अलीकडं पलीकडं, तिनं एकेक दगड ठेवला. मला म्हणाली, "मिस्तरी, मोज." मी टेप लावला. साडेचार फुटाला एक दोरा कमी नाही, जास्त नाही.

मग ती खोलीत गेली. टेबलापासून बेसिनच्या खुणेपर्यंत पावलं टाकली. सहा पावलं. सिस्टरांना म्हणाली, "हात धुवाले इतलं दूर?"

सांगून ठेवतो, सिस्टर आणि ही सुईण, यांचं तेव्हा पटत नव्हतं. सिस्टर म्हणायच्या, या बाया हात धूत नाहीत.  आता सिस्टर स्वतः वाकल्या, बेसिनची खूण उचलली आणि टेबलापासून दोन पावलांवर आणून ठेवली. गुजाबाईनं मान हलवली. त्या दिवसापासून दोघी एका ताटात जेवायच्या राहिल्या, एवढंच.

डॉक्टर म्हणाला, "नाना, जमिनीवर आहे तसंच बांधा."

सोनवणे म्हणाले, "वरून मंजुरी आणतो." आणि ट्रेनिंगला नाशिकला निघून गेले.

*

वरच्या उपकेंद्रांचा एक किस्सा मध्येच सांगतो, नाहीतर राहून जाईल.

सगळ्यात वरच्या पाड्याला बैलगाडीसुद्धा जात नाही. विटा न्यायच्या कशा? मी डोक्याला हात लावून बसलेलो. तिथं गुजाबाई आली. ती म्हणाली, बाजाराला बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव खाली येतो ना? मग परत जाताना रिकामा का जातो?

पुढच्या बाजाराला मी विटांचा ढीग रस्त्याच्या कडेला लावला आणि बसून राहिलो. संध्याकाळी माणसं परतायला लागली. मीठ, तेल, बांगड्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा काखेत वीट. ज्याला झेपतील त्याला दोन. गाभण शेळी घेऊन चाललेली बाईसुद्धा एक घेऊन गेली. कोणी हजेरी घेतली नाही, कोणी हाक मारली नाही. बाजारामागून बाजार असंच. डोंगराच्या वाटेवर माणसांची रांग आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दवाखान्याचा एक तुकडा! मी मंदिरं बांधली, शाळा बांधल्या, पण काम सुरू व्हायच्या आधी इमारत अशी चालत जाताना बघितली नव्हती.

मी खवट माणूस. म्हटलं, पाच-पन्नास तरी वाटेत गळणार, कोणाच्या तरी ओट्याला लागणार. वर जाऊन मोजल्या. सोडलेल्यापेक्षा एक जास्त भरली!

परत मोजल्या. एक जास्तच. मग नीट बघितलं तर एक वीट एका अंगानं काळीकुट्ट. धुरानं माखलेली. विचारलं, ही कोणाची? एक म्हातारी पुढं आली. तापानं पडून होती म्हणे, खाली उतरता आलं नव्हतं.

"मना बजार चुकी गया," ती म्हणाली. "मंग चुलानी काढी आनी."

स्वतःची चूल मोडून वीट आणली होती.

ती वीट मी तिथल्या बाळंतपणाच्या खोलीत लावली, काळी बाजू खोलीत दिसेल अशी. पुढं सोनवणे साहेब बघून म्हणाले, "इथं प्लास्टर राहिलंय." मी म्हटलं, "हो, राहिलंय." अजून राहिलंय.

*

साहेब ट्रेनिंगहून परत आले तेव्हा खालच्या दवाखान्याच्या भिंती वरपर्यंत गेल्या होत्या. स्लॅब पडायचा बाकी. मंजुरीचा कागद काही आला नव्हता. दरवाजा साडेचार फूट झाला होता. वरच्या लिंटलला, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईला, मी दोन सळ्या जास्त टाकल्या होत्या, कारण रुंदी वाढली की वरचं ओझं वाढतं. हे कोणी शिकवायला लागत नाही.

साहेबांनी टेप लावला. परत लावला. मग लाल पुठ्ठ्याचं ऑर्डर बुक मागवलं. हे बुक साइटवरच असतं. साहेबानं येऊन हुकूम लिहायचा, खाली मिस्तरीनं सही करायची. ते लिहीत होते, मी उभा. पेन थांबल्यावर मी बुक फिरवून घेतलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं. वेळ लागला. ते घड्याळ बघत होते.

"प्रसूती कक्षाचा दरवाजा गवंड्याच्या अज्ञानामुळे रुंद झाला आहे. आठ दिवसांत दुरुस्त करून नकाशाप्रमाणे करावा."

मी म्हटलं, "साहेब, चूक लिहा. चूक माणसाच्या हातून होते. अज्ञान कशाला?"

"जे आहे ते लिहिलं."

"तुम्ही होता ना त्या दिवशी? बाज अडकली तेव्हा?"

"मिस्तरी, सही करा."

सही केली. तीस वर्षांत माझ्या ओळंब्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. भिंत वाकडी म्हणा, मी पाडून देतो. पण अज्ञान? शाळेत मास्तरानं छड्या मारल्या, म्हणून शाळा सोडली. इथं साइट सोडून जाणार कुठं?

डॉक्टर तावातावानं जळगावला जाऊन आला. मोठ्या साहेबांना सगळं सांगून आला. मोठे साहेब म्हणाले, आठव्या दिवशी येतो, स्वतः बघतो, मग ठरवू.

आठ दिवस मी त्या दरवाज्याजवळ गेलो नाही. सिस्टर म्हणाल्या, "नाना, जेवत का नाही?" मी म्हटलं, "दात दुखतो." माझा एकही दात तेव्हा दुखत नव्हता.

*

आठवा दिवस. सकाळी अकराला जीप आली. मोठे साहेब, सोनवणे, डॉक्टर. मोठे साहेब टेप न लावता नुसते बघत राहिले. मग नकाशा बघितला. म्हणाले, "डॉक्टर, तुमचं म्हणणं कळलं. पण आज एक दरवाजा, उद्या दुसरा कोणी भिंतच हलवील. नकाशाप्रमाणे करून घ्या."

सोनवणे मला म्हणाले, "चढा मिस्तरी."

चढलो. वर भिंतीवर बसलो, घण मांडीवर. लिंटल काढायचं तर पहिला घाव वरून. माझं मी बांधलेलं, माझ्याच हातानं. घण उचलला, आणि वरून मला दिसलं.

ओढ्याच्या वाटेनं बाज येत होती.

रुमाल्या पुढं. बाजेवर त्याची बायको, कळा देत होती. मागं गुजाबाई धावत. तिचं वय बघता ती धावत होती हेच नवल. डॉक्टर आडवा गेला, म्हणाला, "अरे, इथं नको! अजून छत नाही, फरशी नाही! शाळेत चला!"

रुमाल्या थांबलाच नाही. म्हणाला, "दवाखाना हाऊच शे ना? आम्ही चाली पाह्यलं शे."

आणि ते चालले. व्हरांड्यातून आले, वळले. जिथं माळावर वळले होते तिथंच वळले. दारात मोठे साहेब उभे होते, ते बाजूला झाले. सोनवणे भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभे राहिले. बाज सरळ आत गेली. ना तिरपी झाली, ना थांबली. दोन्हीकडं कोपरं चौकटीला लागली नाहीत. चुन्यानं टेबलाची खूण केली होती, ती कधीच मातीखाली गेली होती. तरी बाज तिथंच टेकली. बरोबर तिथंच!

सिस्टर आत धावल्या. पाड्यावरच्या बाया आल्या, त्यांनी लुगडी सोडली आणि चार कोपऱ्यांना धरून डोक्यावर छत केलं. स्टोव्ह पेटला, पाण्याला आधण आलं. दोन पावलांवर बेसिनच्या जागी बादली होती. गुजाबाईनं हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. सिस्टरांनी बघितलं. 

मग सिस्टरांची नजर वर गेली.

"नाना! तुम्ही वर काय करताय?"

"घण घेऊन बसलोय."

"तोंड तिकडं करा!"

केलं. शिडी आतून लावलेली, उतरायचं तर त्याच खोलीत उतरावं लागणार, म्हणून उतरता येईना. दोन तास मी भिंतीवर, पाठ फिरवून, भर उन्हात. सातपुड्याकडं इतका वेळ मी जन्मात बघितलं नव्हतं. प्रत्येक झाड पाठ झालं. खाली बाई ओरडत होती, सिस्टर बोलत होत्या, गुजाबाई काहीतरी गात होती की शिव्या देत होती, कळलं नाही. बाहेर लिंबाखाली तिन्ही साहेब उभे. डॉक्टर तेवढा सिस्टरांच्या हाकेकडं कान लावून.

मी देवाला कधी काही मागत नाही, मला ते आवडत नाही. त्या दिवशी मात्र घणाच्या दांड्यावर हात घट्ट ठेवून बसलो होतो.

मग आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. माझ्याच स्वभावाचं पोर!

खालून गुजाबाई म्हणाली, "मिस्तरी, आते उतर. पोर व्हयनी."

लिंबाखाली मोठ्या साहेबांनी विचारलं, "सोनवणे, दरवाजा किती आहे?"

"साडेचार फूट, सर."

"नकाशात?"

"तीन."

मोठ्या साहेबांनी दरवाज्याकडं बघितलं. बाया लुगडी नीट करत त्यातून बाहेर येत होत्या. मग म्हणाले, "चला, आपल्याला उशीर झाला." आणि जीपमध्ये बसले.

झालं. तोडायचा हुकूम परत कोणी दिला नाही. मागंही घेतला नाही. मी सोनवणे साहेबांकडं गेलो, म्हटलं, "साहेब, तो शब्द तेवढा खोडा."

"सरकारी नोंद खोडता येत नाही, मिस्तरी."

*

पुढं बरीच वर्षं गेली. माझे केस गेले, दातही खरोखर दुखायला लागले. धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या पुढं, एका नव्या दवाखान्याचं काम निघालं. महाजन डॉक्टर तेव्हा कुठंतरी मोठ्या जागेवर गेला होता. त्यानं निरोप पाठवला, मिस्तरी नानाच हवेत. मी नाही म्हणणार होतो. मग कळलं, साइटवर साहेब कोण आहे. मग गेलो.

सोनवणे साहेब आता पोट सुटलेले, चष्मा लागलेला, हाताखाली दोन इंजिनिअर. मला ओळखलं. चहा मागवला. मग नवा नकाशा पसरला. वर शिक्का मारलेला, आता सगळीकडं हाच चालणार म्हणे. मी सवयीनं बोट फिरवायला लागलो. विहीर होती. व्हरांड्यात बसायला बाक होते. बाळंतपणाच्या खोलीत बेसिन टेबलापासून दोन पावलांवर होतं.

दरवाजा साडेचार फूट होता. खाली कोपऱ्यात सह्या होत्या, त्यातली एक सोनवणे साहेबांची.

मी बोट तिथं ठेवलं. 

साहेबांना वाटलं मला माप कळत नाही. वाकून म्हणाले, "मिस्तरी, हा साडेचार फूट आहे. नीट बघून घ्या. मागच्यासारखं करू नका."

मी चहा खाली ठेवला. म्हटलं, "साहेब, ऑर्डर बुक द्या. आज मी लिहितो."

"तुम्ही?"

"मी."

लाल पुठ्ठ्याचं बुक, नवंकोरं. पहिलं पान. पेन धरायला वेळ लागला, लिहायला त्याहून जास्त. दोन्ही पोरसवदा इंजिनिअर माझ्या खांद्यावरून बघत होते. सोनवणे साहेब घड्याळ बघत नव्हते.

मी लिहिलं:

"दरवाजा नकाशाप्रमाणे घेतला. नकाशा गवंड्याच्या अज्ञानाप्रमाणे."

खाली सही केली आणि बुक त्यांच्याकडं फिरवलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. मग खिशातलं पेन काढलं, माझ्या सहीखाली एकच शब्द लिहिला, "पाहिले", आणि त्याखाली सही ठोकली. चहा संपवला. जीपमध्ये बसून गेले.

ते बुक त्या दवाखान्याच्या कपाटात असेल. माफी मात्र अजून आली नाही. कोणाकडून, ते विचारू नका, जाऊन बघा. सही अगदी स्वच्छ आहे, माझ्यासारख्यालाही एका दमात वाचता येते: ना. भि. सोनवणे.